कोपरा कापलेलं पाकीट

आमच्या घरात डोकं आधी तापतं, चालतं नंतर. अण्णांचं तसंच आणि माझंही तसंच. त्यामुळं मी परदेशी जायच्या आधीचे तीन महिने आम्ही बापलेक एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो. एकाच खोलीत जेवायचो, एकापाठोपाठ एक नळावर तोंड धुवायचो, आणि काही सांगायचं झालंच तर मधे आई. "त्याला म्हणावं, सायकलीचं चाक बसलंय." "त्यांना म्हणावं, बघतो." आई शेवटी वैतागली. म्हणाली, "मी काय पोस्टमन हाय व्हय रं तुमचा?"

भांडण एवढंच होतं. अण्णा सोलापुरातल्या एका गिरणीत विणाई खात्यात होते. मूळचे मंगळवेढ्याकडचे, कोरडवाहू रान आणि चार मेंढरं भावांच्या हवाली करून शहरात आलेले. सुताची बारीक पूड छातीत बसून त्यांना खोकला लागला होता. आता काम होईना, तेव्हा साहेबाच्या हातापाया पडून त्यांनी आपल्या जागी मला लावायचं पक्कं करून आणलं. तेही रंगखात्यात, पंख्याखाली. पोरगं रसायनशास्त्र शिकलंय म्हणून. आणि नेमकं त्याच आठवड्यात मला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं पत्र आलं: एक सेमिस्टर तिथं राहायचं, कापडाच्या रंगांचा अभ्यास करायचा, जाण्यायेण्याचं सगळं तेच बघणार.

मी म्हणालो, मी जाणार.

अण्णा म्हणाले, "जागा थांबत न्हाय."

मी म्हणालो, "मग जाऊ दे जागा."

सव्वीस वर्षं त्या जागेवर उभं राहून ज्यानं छाती खराब करून घेतली, त्याच्या तोंडावर मी हे बोललो. तेव्हा मला ते फार बाणेदार वगैरे वाटलं होतं. बावळट!

निघायच्या दिवशी मी पाया पडायला गेलो तर ते भिंतीकडं तोंड करून पडलेले. "अण्णा, येतो," म्हणालो. आपल्यात कुणी "जातो" म्हणत नाही, आणि "येतो" म्हटलं की वडीलधाऱ्यानं "ये" म्हणायचं असतं. ते बोलले नाहीत. मी उभा राहिलो, मोजून पाच मिनिटं तरी राहिलो असेन. बाहेर दादा ट्रंक घेऊन टांग्यात बसला होता, तो हाका मारायला लागला. शेवटी आईच म्हणाली, "ये रं बाबा, नीट ये." स्टेशनपर्यंत मी रागानं लाल झालो होतो. म्हटलं, नका बोलू. माझं काही अडत नाही.

अडलं. राग मी विमानात होतो तोवर टिकला, मग हळूहळू उतरला, आणि तो उतरल्यावर खाली एवढंच उरलं, की ह्या माणसाला मी परत यायला हवा आहे की नको?

ते शहर पूर्व किनाऱ्यावरचं, मोठं बंदर असलेलं. एका विधवा बाईच्या लाकडी घरात वरच्या मजल्यावर मला खोली मिळाली होती. खिडकीतून समुद्राचा करडा पट्टा दिसायचा. मी समुद्र त्याआधी पाहिलाच नव्हता. मुंबईला गेलो तो थेट विमानतळावर. दोनच वर्षांपूर्वी आम्ही दुष्काळ काढला होता, नळाला पाणी येईल त्या दिवशी आई घरातली वाटीसुद्धा भरून ठेवायची. पहिल्या दिवशी मी त्या समुद्रापुढं उभा राहिलो आणि मला, खरं सांगतो, संताप आला. एवढं पाणी, आणि घोटभर प्यायच्या कामाचं नाही.

घरमालकीणबाई सत्तरीच्या, टापटिपीच्या, रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या. वाईट नव्हत्या. तिथलं कुणीच वाईट नव्हतं, तीच तर पंचाईत. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं. प्रयोगशाळेतली मुलं दार धरून ठेवायची, हसायची, शुक्रवारी हात हलवून निघून जायची. घरी कोण कोण असतं, एवढं एका शब्दानं कुणी विचारलं नाही. आमच्याकडं एसटीत शेजारी बसलेला माणूस वैराग गाव यायच्या आत तुमची सात पिढ्यांची चौकशी करतो, आणि आपण मनात म्हणतो, काय पीडा आहे! तिथं त्या पीडेसाठी जीव तळमळायचा.

सगळ्यात वाईट शांतता. सोलापुरात आमच्या दोन्ही बाजूंना तेलुगू विणकरांची घरं, दिवसभर मागाची खटखट. पहाटे गिरणीचा भोंगा. दारात दूधवाला दखनीत भांडतोय. त्या आवाजात मी एमेस्सीपर्यंतचा सगळा अभ्यास केला. आणि ह्या घरात जिना वाजू नये म्हणून त्यावर गालिचा! एका रविवारी दुपारी माझ्या ध्यानात आलं, की शुक्रवार संध्याकाळपासून माझ्या तोंडातून एक शब्द निघालेला नाही. घसा आहे का गेला, हे बघायला मी खोलीतल्या हीटरला म्हणालो, "मेल्या, तापतोस का जरा?" बरं वाटलं. मग रोजच त्याला शिव्या घालायला लागलो. एकदा बाईंनी खालून विचारलं, वर कुणी पाहुणे आलेत का. मी म्हणालो, नाही, पाठांतर करतोय.

आईनं पत्र्याच्या डब्यात कडक भाकरी दिल्या होत्या, सोबत शेंगांची चटणी. रोज अर्धी भाकरी, बुक्कीनं फोडून, चटणीवर दोन थेंब तेल. त्या अर्ध्या भाकरीवर दिवस निघायचा. सहाव्या आठवड्यात डबा संपला. मी तळाचा चुरा बोटानं टिपून खाल्ला आणि त्या रिकाम्या डब्याकडं बघत रडलो. हसायचं तर हसा.

घरून दोन-तीन आठवड्यांनी निळं हवाई पत्र यायचं, तिकीट वरच छापलेलं असतं तसलं. आई सांगायची, दादा लिहायचा. मी आधी शेवटची ओळ वाचायचो. बाकीच्यांच्या पत्रात शेवटी वडिलांचे आशीर्वाद असतात. आमच्या पत्रात "अण्णा बरे आहेत, खोकला आहेच," एवढंच. दादा सरळ माणूस, न दिलेला आशीर्वाद पदरचा लिहायचा नाही. ऑक्टोबरातल्या पत्रात होतं, "अण्णांना दवाखान्यात दाखवलं. छातीचा फोटो काढला. काळजी करू नये." आमच्याकडं काळजी करू नये असं लिहिलं, की काळजी करायची असते.

त्यानंतर तीन आठवडे काहीच नाही. मी विद्यापीठातून जवळजवळ पळत यायचो. जिन्याजवळच्या छोट्या टेबलावर बाई टपाल लावून ठेवायच्या. दूधवाल्याचं बिल, चर्चचं पत्रक, खालच्या भाडेकरूची मासिकं. माझं काही नाही.

आणि नोव्हेंबरातल्या एका दुपारी टेबलावर पाकीट होतं. निळं हवाई पत्र नव्हे, पांढरं, जाडसर पाकीट. पत्ता दादाच्या इंग्रजी अक्षरात. वरचा उजवा कोपरा कापलेला.

आता हे आजच्या मुलांना सांगावं लागेल. आमच्याकडं मयताची बातमी टपालानं कळवायची झाली, तर पत्राच्या माथ्यावर श्री घालत नाहीत आणि त्याचा कोपरा फाडतात. पत्र हातात घेताक्षणी घेणाऱ्याला कळावं म्हणून. लहानपणी मी हे किती वेळा पाहिलं होतं. पोस्टमन असलं कार्ड घेऊन आला की पायरी चढायचा नाही, खालूनच हाक मारायचा. आईला वाचता येत नसे, पण कार्डाचा कोपरा दिसला की तिथंच ती मटकन बसायची. कोण गेलं ते दादा मागाहून वाचायचा. वाचून झालं की कार्ड फाडून लांब टाकायचं, घरात ठेवायचं नाही, आणि सगळ्यांनी आंघोळी करायच्या.

मी पाकीट उजेडात धरलं. नुसतं पाकीट नाही, आतल्या कागदाचाही कोपरा गेला होता. मी जिन्यावरच बसलो.

कोण गेलं हे कळायला मला पत्र उघडायची गरज नव्हती. छातीचा फोटो, तीन आठवड्यांची शांतता, आणि आता हे. वाचायचं काय होतं त्यात? कधी गेले, किती वाजता, शेवटी काय म्हणाले. आणि शेवटी काय म्हणाले तेच मला वाचायचं नव्हतं. जाताना त्यांनी माझं नाव काढलं असेल तर मला सोसणार नव्हतं. काढलं नसेल तर त्याहून नाही.

डोकं आधी तापतं म्हणालो ना, तसंच झालं. मी उठलो, पाकीट खिशात कोंबलं आणि तरातरा समुद्रावर गेलो. किनाऱ्यावर कुत्रं फिरवणारी एक बाई सोडली तर कुणी नव्हतं. कोट काढला, बूट काढले आणि शर्ट-पँटीसकट पाण्यात शिरलो. पाणी इतकं गार, की श्वास अडकला. तीन बुड्या मारल्या. बाप गेल्याचं परगावी कळलं की मुलानं जिथं असेल तिथं आंघोळ करायची, एवढं मला माहीत होतं. मंत्र येत नव्हते. "अण्णा, अण्णा," एवढंच म्हणालो. मग बाहेर येऊन कोटाच्या खिशातलं पाकीट काढलं, न उघडता तसंच फाडलं, आडवं, उभं, पुन्हा आडवं, आणि लाटेत सोडून दिलं. जाडजूड होतं, फाडायला जोर लागला. तेव्हासुद्धा माझ्या टाळक्यात आलं नाही, की मयताच्या पत्राला एवढे कागद कशाला लागतात!

त्याच संध्याकाळी मी दादाला पत्र लिहिलं. बातमी कळली, इथं आंघोळ केली, आईला सांभाळ, असं सुरू केलं आणि मग मला थांबता येईना. अण्णांच्या हाताला येणारा गिरणीच्या तेलाचा वास लिहिला. लहानपणी मला खांद्यावर घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्याभोवती हिंडायचे ते लिहिलं. "जाऊ दे जागा" म्हणालो ते मला मागं घ्यायचं होतं, आता कुणापाशी घेऊ, असं लिहिलं. त्यांच्याएवढा मला कुणीच नाही, असंही लिहिलं. तोंडावर हे मी जन्मात बोललो नसतो. पत्र त्याच पावली टाकून आलो.

मी दाढी करायचं सोडलं, मीठ सोडलं. बाईंनी दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. मी सांगितलं, वडील गेले. त्या खाली गेल्या आणि उकडलेले बटाटे घेऊन आल्या, मीठ न घालता. माझ्याजवळ खुर्ची ओढून बसल्या आणि माझा हात हातात धरला. तीन महिन्यांत मला कुणाचा हात लागला नव्हता. मी लहान पोरासारखं भोकाड पसरलं. त्या बसून राहिल्या. रविवारी चर्चमध्ये त्यांनी अण्णांच्या नावानं मेणबत्ती लावली, नाव मला तीनदा विचारून घेतलं.

नवव्या दिवशी मी बटाट्याची ताटली द्यायला खाली स्वयंपाकघरात गेलो. बाई टेबलाशी बसल्या होत्या, हातात कात्री, पुढं बुटांचा खोका. खोक्यात पाकिटांचे कापलेले कोपरे, शेकड्यांनी. त्यांच्या चर्चमध्ये जुनी तिकिटं जमवून कुठल्याशा मिशनसाठी विकायचे. तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून कापायचं, म्हणजे तिकीट खराब होत नाही, असं त्या मला समजावून सांगायला लागल्या. भाडेकरू पाकिटं फाडून टाकतात आणि तिकीट वाया जातं, म्हणून त्या टपाल टेबलावर ठेवायच्या आधीच कापून घेत. मग कौतुकानं म्हणाल्या, तुझ्या देशाचंही एक आहे, फार सुंदर आहे. आणि ते काढून माझ्यापुढं ठेवलं.

तिकिटाच्या मागं पाकिटाचा कपटा, आणि त्याला चिकटून आतल्या कागदाचे चार कपटे. चार पानांचे. दोन कोरे होते. एकावर "पूर" होतं, सोलापूरचं असणार. चौथ्यावर फक्त "लास". गेलास, की बोललास, की वाढलास, कोण जाणे! अक्षर दादाचं नव्हतं. मोठं, गिचमिड, आणि वरची रेघ फूटपट्टीनं मारलेली. सगळ्या जगात अशी पट्टीनं रेघ मारून लिहिणारा मला एकच माणूस माहीत होता, चौथीपर्यंत शिकलेला. इंग्रजी येत नाही म्हणून त्यानं पत्ता तेवढा दादाकडून घालून घेतला होता.

मी त्या म्हातारीवर ओरडलो. मराठीत ओरडलो, इंग्रजीत ओरडलो, कात्री हिसकावून भिंतीवर फेकली. बाप जिवंत आहे हे कळल्यावर माणसानं नाचायला पाहिजे. मी ओरडत होतो. तिला काही समजेना, ती घाबरून रडायला लागली. मग तिला सगळं सांगितलं, कोपऱ्याचं सांगितलं, तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला. मी माफी मागितली. पण आधी ओरडलो ते ओरडलोच.

तसाच तार करायला धावलो. वडील मेलेले नाहीत, माझ्या पत्राकडं लक्ष देऊ नये, असा मजकूर. तार घेणाऱ्या माणसानं तो दोनदा वाचला, माझ्याकडं बघितलं आणि शब्द मोजायला लागला.

पुढचं दादाच्या पत्रातून कळलं. माझी तार माझ्या पत्राच्या आधी पोहोचली. आमच्या गल्लीत तार म्हणजे मयतच. तारवाला दिसताच आईनं हंबरडा फोडला, शेजारच्या बायका धावल्या, कुणी माझ्या नावानं तेलुगूत रडायला लागलं. दादानं तार उघडली आणि मोठ्यानं वाचली, की अण्णा मेलेले नाहीत. अण्णा तिथंच बाजेवर चहा पीत बसले होते. म्हणाले, "बरं झालं कळिवलं ते."

चार दिवसांनी माझं पत्र आलं. दादा लपवणार होता, पण अण्णांनी पाहिलं. म्हणाले, वाच. दादानं वाचलं. म्हणाले, परत वाच. मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं, म्हणून आईनं गल्लीत साखर वाटली. शेवटी दादानं लिहिलं होतं, "पण तू अण्णांचं पत्र वाचलं नाहीस का? तीन रविवार बसून लिहिलं. आमच्यापैकी कुणाला बघू दिलं नाही. पाकीटसुद्धा स्वतः चिकटवलं." शेवटच्या ओळीत आशीर्वाद नव्हताच. मी ते पत्र मिटलं आणि दोन दिवस प्रयोगशाळेत गेलो नाही.

जानेवारीत परत आलो. अण्णांचं गिरणीत जाणं थांबलं होतं. त्यांनी मला दारातच आपादमस्तक बघितलं आणि म्हणाले, "वाळलास लई." बोलले! मला वाटलं, झालं, सगळं मिटलं.

चार दिवसांनी घरात आम्ही दोघंच असताना मी विषय काढला. "अण्णा, त्या पत्रात काय लिहिलं होतं?"

ते बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, "समुद्रात बुडी मारलीस म्हनं माझ्यासाटी?"

"व्हय."

"पाणी गार हुतं?"

"लई गार."

"आजारी बिजारी पडला असतास म्हंजी?"

"अण्णा, पत्रात काय होतं ते सांगा की."

"ऱ्हाऊ दे रं. कागदावर जमलं तवा जमलं. तोंडानं न्हाय जमायचं."

"मग परत लिहा."

त्यांनी मान हलवली. "आपन मेल्यावर पोरगं काय म्हनंल, ते मला जित्तेपनी ऐकाय मिळालं. दोनदा ऐकलं. कुनाला मिळतंय असं? मला बास हाय."

ते आणखी अकरा वर्षं जगले. मी त्यांना नंतर दोनदा विचारलं, शेवटचं तर दवाखान्यात, त्यांचे पाय चेपता चेपता. तेव्हाही हसले आणि म्हणाले, मला बास हाय की.

मला बास नव्हतं, अण्णा. अजूनही नाही.